ज्ञानेश्वरी पहिल्यांदाच वाचताय? मग तेराव्या अध्यायापासून बघा

एकदम पहिल्या अध्यायापासून सुरू करू नका हो. नऊ हजारांवर ओव्या, भाषा शके १२१२ म्हणजे सन १२९० ची, बरेच जण सुरुवातीच्या नमनातच अडकतात आणि पुस्तक परत कपाटात जातं. माझंही दोनदा असंच झालं होतं.

सार्थ प्रत घ्या, ओवीखाली अर्थ दिलेली, आणि सरळ तेरावा अध्याय उघडा. तिथं ज्ञानाची लक्षणं आहेत, त्यातलं अहिंसेचं वर्णन आधी वाचा. ज्ञानदेव नुसतं कुणाला मारू नका एवढ्यावर थांबत नाहीत, चालायचं कसं तेही सांगतात, भुंगा कमळावर कसा हळूच पाय ठेवतो, आतला केसर चुरगळेल म्हणून, अगदी तसं. मग बोलणं, नजर, हात, सगळं येतं. बोलणं कसं तर खरं पण मऊ, मोजकं पण रसाळ. हे वाचलं त्याच आठवड्यात आई फोनवर गोळीची वेळ तिसऱ्यांदा विचारत होती, तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं आणि परत सावकाश सांगितलं, तेव्हा कळलं की ही ओवी पोथीतली नाही, रोजच्या वापरातली आहे.

रोज पाचच ओव्या घ्या. आधी मोठ्याने म्हणा, ठेका कानात बसला की अर्थ सोपा जातो, अडलेला शब्द पेन्सिलीने बाजूला लिहा. मग बारावा घ्या, छोटा आहे. अठराव्याची घाई नको, पसायदान पाठ असलं तरी तो सगळ्यात मोठा अध्याय आहे.