सांगाड्यांचे लाल डोळे

प्रश्न : जुन्या बाजारात एक फ्रेंच कार्ड मिळालं. पुठ्ठ्याच्या चौकटीत शेजारी शेजारी दोन चित्रं, मेजवानीला बसलेल्या सांगाड्यांची. उजेडासमोर धरलं की काळंपांढरं चित्र रंगीत होतं, डोळे लाल चमकतात. मागचा कागद जरा फाटलाय. हे काय आहे? कसं पाहावं, कसं सांधावं?

उत्तर : हे ‘दियाब्लरी’, म्हणजे सैतानी लीला. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये ही कार्डं निघाली. अबेर, एनतिए यांसारखे शिल्पकार मातीच्या छोट्या मूर्ती घडवून टेबलावर नरक मांडत आणि त्याचे जोडफोटो काढले जात, म्हणजे किंचित वेगळ्या कोनांतून दोन फोटो, जे एकत्र पाहिले की खोली दिसते. ‘बी. के.’ अशी अक्षरं असतील तर प्रकाशक आदोल्फ ब्लोक. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या राज्यात वर्तमानपत्रांवर कडक नजर होती. इथे मात्र दरबाराची चैन नरकाच्या नावाखाली उघड मांडलेली दिसते. मेजवान्या नीट न्याहाळा, खरा टोला तिथेच आहे.

करामत थरांत आहे. पुढे अगदी पातळ कागदावरचा अल्ब्युमेन (अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप दिलेला) फोटो, त्याच्या पाठीवर जलरंग, मागे साधा टिश्यू कागद. पुढून उजेड पडला की फक्त फोटो दिसतो. मागून आला की रंग झिरपून वर येतात. डोळ्यांना सुईने भोकं पाडून मागे लाल रंग दिलेला असतो.

म्हणून पाहताना उजेड मागूनच हवा. मागे दुधी काच असलेला पेटीचा स्टिरिओस्कोप (जोडफोटो पाहायचं दोन भिंगांचं उपकरण) उत्तम. होम्स पद्धतीचा, म्हणजे हातात धरायचा बिनपेटीचा उघडा असेल तर कार्डामागे हातभर अंतरावर एलईडी दिवा ठेवा, मध्ये बटर पेपर धरा, नाहीतर दिव्याचा गोल ठिपका दिसतो. जुना तापणारा बल्ब नको, उष्णतेने फोटो आक्रसतो. उपकरणाशिवाय डोळे तिरळे करून पाहू नका: डावं चित्र उजव्या डोळ्याला जातं आणि मागचा सांगाडा पुढे येतो.

सेलोटेप अजिबात लावू नका. त्याचा गोंद पिवळा पडतो आणि मागून उजेड आला की तोच डाग आधी दिसतो. पातळ जपानी कागदाची (लांब तंतूंचा चिवट कागद) पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडा, म्हणजे कडेचे तंतू सुटे राहून जोड दिसत नाही. गव्हाच्या स्टार्चची खळ जवळजवळ कोरड्या कुंचल्याने लावा. ओल आत गेली तर जलरंग पसरतात. भोकांवर पट्टी येऊ देऊ नका. वर टिपकागद आणि हलकं वजन ठेवून रात्रभर वाळवा. चौकट मात्र उकलू नका. थर एकमेकांना चिकटलेले असतात, टिश्यू हमखास फाटतो.