मॅन्युअल लिहायला कुठला एडिटर?

सांगली-मिरज भागातल्या कारखान्यांना यंत्रांची मॅन्युअलं लिहून देणं हा माझा रोजचा धंदा. एडिटरबद्दल आलेल्या चार प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : मॅडम, कुपवाड एमआयडीसीत आमचं पंपांचं वर्कशॉप आहे. मॅन्युअल वर्डमध्ये आहे, शंभरेक पानांचं. एक फोटो बदलला की पुढची दहा पानं विस्कटतात. काय वापरू?

आधी सांगा, मथळ्यांना स्टाईल लावलीय की नुसतं अक्षर मोठं आणि ठळक केलंय? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फायलींत दुसरंच असतं, आणि फोटोही मजकुरावर तरंगत ठेवलेले. ते ओळीत बसवा, मथळ्यांना स्टाईल द्या. अर्धं दुखणं एडिटर न बदलताच जाईल.

पण एकाच पंपाची पाच-सहा मॉडेलं असतील तर मार्कडाऊनकडे या. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली काढलेली ही पद्धत. ओळीच्या सुरुवातीला एक हॅश दिला की मथळा, दोन दिले की उपमथळा, बाकी सगळा साधा मजकूर. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरमध्ये लिहिलंत तर शेजारच्या चौकटीत मांडणी दिसत राहते. गिऱ्हाईक वर्डच मागत असेल तर पॅनडॉक हे फुकट साधन त्याच फाईलवरून वर्डची फाईल काढून देतं. तुमच्या स्टाईल असलेली नमुना फाईल तेवढी त्याला द्यायची.

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो अख्ख्या फोल्डरमध्ये शोधून बदलताना. बोल्टचा साईज बदलला, सगळ्या मॉडेलांच्या फायली एका दमात दुरुस्त. फक्त 'पूर्ण शब्द' ही खूण विसरू नका. मी एकदा एम८ चं एम१० केलं आणि ती खूण राहिली. एम८० नावाच्या मॉडेलचं एम१०० होऊन बसलं! फिटरचा फोन आला, "मॅडम, हे मॉडेल कंपनीनं कधी काढलं?"

टॉर्कचे तक्ते (कुठला बोल्ट किती जोर लावून आवळायचा ते सांगणारे), ज्यांत दोन-तीन घरं जोडलेली असतात, ते मात्र मार्कडाऊनमध्ये कोंबायला जाऊ नका. तक्ता फोडून साधा करा, नाहीतर शेवटी वर्डमध्ये घाला.

प्रश्न : साताऱ्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीनिअर म्हणतात, विम शिक, बाकी पोरखेळ. रिपोर्ट महिन्याभरात द्यायचाय.

मग महिनाभर थांब. विम हा कीबोर्डवरच्या आज्ञांनी चालणारा एडिटर चांगलाच आहे. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या व्हीआय या एडिटरच्या धर्तीवर ब्राम मूलेनार यांनी तो १९९१ मध्ये आणला, आणि पुढे नोकरीत सर्व्हरवर त्याची गाठ पडणारच. पण मराठी लिहिताना त्यात एक गोम आहे. ओळ उडवायला 'डी' दोनदा दाबायचा असतो, आणि इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असेल तर त्या कळीवर हलन्त असतो. ओळ जागची हलत नाही. दर वेळी कीबोर्ड बदलून इंग्रजीवर जायचं आणि परत यायचं. रिपोर्टात समीकरणं खूप असतील तर लाटेक ही खुणा घालून लिहायची मांडणीची पद्धत घे, मराठी मजकुरासाठी झीलाटेक इंजिन निवड. हे सगळं व्हीएस कोडमध्येही लिहिता येतं.

प्रश्न : लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम. व्हीएस कोड रडतो.

रडणारच, त्याच्या पोटात अख्खा ब्राउझर आहे. विंडोज असेल तर नोटपॅड प्लस प्लस, लिनक्स असेल तर जीनी (Geany). मार्कडाऊनला तेवढं पुरतं.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीची मराठी मॅन्युअलं नव्या एडिटरमध्ये उघडली की कचरा दिसतो. एन्कोडिंग बदलून पाहिलं, उपयोग नाही.

एन्कोडिंग म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत. कचरा दोन प्रकारचा असतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' दर तिसऱ्या जागी दिसत असेल, तर मजकूर युनिकोडच आहे, वाचणारा चुकतोय. यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पहिला नेहमी तोच असतो. असं असेल तर यूटीएफ-८ निवडल्यावर मजकूर सरळ होतो.

तुमचा प्रकार दुसरा दिसतो. तेव्हाच्या फॉन्टांत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असायची, फॉन्ट त्यांना मराठी कपडे चढवायचा. फॉन्ट गेला की कपडे गेले. इथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही, त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो. आधी दोन पानं बदलून बघा. त्यात पहिली वेलांटी आणि रफार असलेले शब्द, म्हणजे 'स्थिती', 'किल्ली', 'कार्य', 'वर्ग', एकेक करून डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर अडखळतो तो तिथेच.