गावातली जुनी जिल्हा परिषद शाळेची इमारत कधीची आणि तिचा वापर कसा बदलला, हे कसे शोधायचे?

आधी शाळेचे वय आणि इमारतीचे वय वेगळे धरा. सगळा घोळ इथेच होतो. पूर्वी अनेक शाळा देवळात किंवा चावडीत भरत. त्यामुळे जनरल रजिस्टरमधली (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही) पहिली नोंद शाळेची सुरुवात सांगते, बांधकामाची नाही. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी आल्या. त्याआधीच्या कागदांवर 'लोकल बोर्ड' किंवा 'स्कूल बोर्ड' असेल, म्हणून फक्त 'जि. प.' शोधलेत तर जुने काही सापडणार नाही.

इमारतीसाठी दाराच्या चौकटीवरची किंवा भिंतीतली देणगीदाराची पाटी पाहा. कौलांवर भिस्त ठेवू नका, ती बदलली जातात. शिवाय मंगळुरी कौलावर १८६५ दिसले, तर ते बासेल मिशनच्या कारखान्याचे स्थापनावर्ष असते, कौल भाजल्याचे नव्हे.

नंतरच्या वापरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (मिळकतींच्या करआकारणीची नोंदवही) वर्षावर्षाने लावून बघा आणि जोडीला ग्रामसभेची ठराव-वही वाचा. शाळा नव्या इमारतीत गेली की जुन्या खोल्यांत अंगणवाडी, वाचनालय, तलाठी कार्यालय किंवा धान्याचे गोदाम येते. अंगणवाडीची नोंद १९७५ नंतरचीच असणार, कारण ती योजनाच तेव्हा सुरू झाली.

निर्लेखनाचा (इमारत निकामी ठरवून पाडण्याचा) प्रस्ताव गेला असेल तर घाई करा. इमारत पाडण्याआधी पाटी आणि तुळया यांचे फोटो घ्या, खोल्यांची मापे टिपा, आणि जुनी रजिस्टरे कुठे हलवणार ते मुख्याध्यापकांना विचारा.