८९एस५२ साठी घरचा प्रोग्रामर करताना

८९एस५२ ही एक मायक्रोकंट्रोलर चिप, आणि तिच्यात प्रोग्राम भरणारं सर्किट म्हणजे प्रोग्रामर. आधी चिपवरचं नाव नीट वाच. ८९सी५१ घरच्या सोप्या सर्किटवर प्रोग्राम होत नाही, त्याला पॅरलल पद्धत (एकाच वेळी अनेक पिनांवरून डेटा देणं) आणि १२ व्होल्ट लागतात. ‘एस’वाली चिप घे.

जुन्या प्रिंटर पोर्टच्या केबलच्या मागे लागू नकोस, तो पोर्ट आता आहे कुठे? युएसबीएएसपी हा युएसबीवरचा प्रोग्रामर छान, पण त्यातली एटमेगा८ ही चिप आधी कोणी प्रोग्राम करायची? आधी कोंबडी की आधी अंडं! म्हणून अर्डुइनो ऊनो बोर्डावर अर्डुइनो-आयएसपी स्केच, म्हणजे बोर्डालाच प्रोग्रामर बनवणारा तयार प्रोग्राम, टाक. ऊनोच्या ११, १२, १३ पिना चिपच्या ६, ७, ८ ला. ऊनोची १० रीसेटला, म्हणजे ९ ला. ८९एस५२ चा रीसेट एव्हीआर जातीच्या चिपच्या (एटमेगा८ त्यातलीच) उलट, हाय म्हणजे ५ व्होल्टला असताना चालतो. स्केच ते सांभाळून घेतं.

चिपला ठेका देणारा क्रिस्टल विसरू नकोस. मी एकदा अख्खी रात्र वायरी तपासल्या आणि क्रिस्टल डब्यातच! ११.०५९२ मेगाहर्ट्झचा चालेल. प्रोग्रामिंगच्या क्लॉकचा (१३ ते ८ या वायरीवरचा) वेग क्रिस्टलच्या सोळाव्या भागापेक्षा कमी हवा, सुरुवातीला बराच कमी ठेव. चिपची ३१ नंबरची पिन ५ व्होल्टला, आणि पुरवठ्याजवळ १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर.

हेक्स फाइल, म्हणजे चिपमध्ये भरायचा प्रोग्राम, टाकायची घाई नको. आधी सिग्नेचर, म्हणजे चिपची ओळख सांगणारे तीन आकडे, वाच: १ई ५२ ०६ आलं तर वायरिंग बरोबर. सगळं एफएफ किंवा शून्य आलं तर ब्रेडबोर्ड हलवून बघ.