माडग्याळ जातीच्या मेंढ्यांच्या कोकरांचा खुराक: आधी एवढं करा

भाऊ, टॉनिकच्या बाटल्या नंतर बघू. आधी भरड्याचं (भरडलेल्या धान्य-पेंडीच्या खुराकाचं) गणित जमवा. मका निम्मा, शेंगदाणा पेंड पाव हिस्सा, उरलेला गव्हाचा भुसा (कोंडा). शंभर किलोला दोन किलो खनिज मिश्रण आणि एक किलो मीठ. पेंडीला बुरशीचा वास आला तर सरळ फेकायची, पैसे गेले तरी.

तीन आठवड्यांच्या कोकराला चिमूटभर चाटवायला लागा. तीन महिन्यांनी आईपासून तोडलं की रोज ५० ग्रॅमपासून चढवत दोन आठवड्यांत २५० ग्रॅमवर न्या. एकदम टोपलंभर मका टाकलात की पोटात आम्ल होतं, कोकरू पडतं. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस आणि जंताचं औषध खुराक वाढवायच्या आधीच द्या, नाहीतर खाऊन माजलेलं, सगळ्यात देखणं कोकरूच रात्रीत जातं.

खनिज मिश्रण मेंढ्यांचंच घ्या. गाईम्हशींच्या पुड्यात तांबं जास्त असतं, ते मेंढीच्या यकृतात साठून विषबाधा होते. दुकानदार 'सगळं एकच' म्हणतो, ऐकू नका.

नरांना भुसा जास्त झाला की मुतखडा धरतो. खुराकात चुन्याचा अंश (कॅल्शियम) आणि प्यायला भरपूर पाणी हवं. खुराकात युरिया लहान कोकरांना नकोच. दर पंधरवड्याला सकाळी उपाशीपोटी वजन करा. वजन हलत नसेल तर आधी जंतांसाठी लेंडी तपासून घ्या.