शाळेबाहेरची शाळा : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, मुलगी ८ वर्षांची आहे. तिला शाळेतून काढून घरीच शिकवायचं म्हणतोय. कायदा आड येईल का?
– एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : घाबरू नका, पण कागदपत्रांत हयगय नको. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलंय. ते न पाळल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरी शिकवण्यासाठी वेगळा कायदाही नाही.

आधी शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्या. आम्ही कोथरूडला लेकाला घरी शिकवलं तेव्हा तो आणायचा राहिला आणि पुढे परीक्षेच्या अर्जावेळी खेटे घालून जीव मेटाकुटीला आला. १४ पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी देता येते. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे.

आणि रोज काय शिकलं त्याची एक वही घालाच, तारीखवार. लेकाच्या वहीत मंडईतल्या मेथीच्या जुडीचा भाव आहे, त्याखाली दहा जुड्यांचा हिशेब, कोपऱ्यात हिरवा डाग. नातेवाईक शंका काढायचे, तेव्हा मी तीच वही पुढे ठेवायचे.