पॉवेलचं भूत

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. लातूरला क्लास लावला, दोन लाख भरले, तरी अकरावीला ५८ टक्के. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगशिवाय दुसरं काही चालणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलंय. त्याला भूगर्भशास्त्र करायचंय. कुणा पॉवेल नावाच्या अमेरिकन सर्वेअरचा फोटो भिंतीवर लावलाय आणि ‘त्याच्याकडे कुठे डिग्री होती?’ असं आईला ऐकवतो. दिवाळीत रागाच्या भरात मी त्याची दगडांची पेटी विहिरीत टाकली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. हे भूत कसं उतरवावं?
– एक वडील, सांगोला तालुका

उत्तर : ५८ टक्क्यांबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. विहिरीबद्दल आहे.

ती गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी उरकून टाकलीत, क्लासच्या फीनंतरचा किरकोळ खर्च असावा तशी. पेटी भरायला त्याला किती वर्षं लागली, ते तुम्ही लिहिलं नाहीत. बहुधा कधी विचारलंही नसेल. पत्रात ‘भरले’ आहे, ‘सांगितलंय’ आहे. पोराला त्या दगडांत काय दिसतं, याबद्दल एक शब्द नाही. अशा वेळी तो बोलत नाही याला मी तरी हट्ट म्हणणार नाही.

आणि भूत मात्र पोराने चांगलं निवडलंय. जॉन वेस्ली पॉवेल, जन्म १८३४. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. मुलानेही प्रवचनंच करावीत, ही त्यांची इच्छा. मुलाचा जीव शिंपल्यांत आणि खडकांत. त्याने शाळेत शिकवून पोट भरलं, अधूनमधून कॉलेजं केली, मिसिसिपी नदीत होडी घालून शिंपले गोळा केले. १८६२ला अमेरिकेच्या यादवी युद्धात, शायलोच्या लढाईत उजवा हात गेला. सात वर्षांनी हाच माणूस चार होड्या आणि नऊ सोबती घेऊन कोलोरॅडो नदीच्या अनोळखी घळयांत उतरला. तीन महिन्यांनी ग्रँड कॅन्यन पार करून बाहेर पडले ते सहा जण.

आता पोराची चूक, आणि ही त्याला जरूर वाचून दाखवा. डिग्री नव्हती, खरं आहे. पण नदीत उतरण्याआधी पॉवेल कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होता. डिग्री नसणं वेगळं आणि अभ्यास नसणं वेगळं. लोडोरच्या घळईत त्यांची एक होडी खडकावर फुटली. सगळे बॅरोमीटर नेमके तिच्यातच. धान्य गेलं, कपडे गेले, पण पॉवेलला घोर लागला तो बॅरोमीटरचा. हवेच्या दाबावरून उंची कळते, उंचीवरून समुद्रापर्यंत नदीला अजून किती उतरायचंय ते कळतं. तेवढा उतार म्हणजे पुढच्या धबधब्यांचा अंदाज. दुसऱ्या दिवशी दोघे जण अडकलेल्या अर्ध्या होडीपर्यंत गेले आणि बॅरोमीटर घेऊन आले. (चोरून आणलेलं व्हिस्कीचं पिंपही निघालं, ते वेगळं.) पोराने फोटो लावलाय तो या माणसाचा. त्याला म्हणावं, गणितातून सुटका भूगर्भशास्त्रातही नाही.

‘दगड मोजून पोट भरतं का’ हा तुमचा न विचारलेला प्रश्न. पॉवेल १८८१ ते १८९४ अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा संचालक होता. १८७८च्या अहवालात त्याने लिहिलं की वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो तिथे सिंचनाशिवाय शेतीचा भरवसा नाही, आणि त्या मुलखात जमिनीचं वाटप सरळ रेषा मारून नव्हे, पाणी बघून करावं. जमीन विकणाऱ्यांना ते कसं रुचणार? १८९३ला लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत तो म्हणाला, या जमिनींना पुरेल एवढं पाणीच नाही, तुम्ही भांडणं आणि खटले पेरताय. सभेने त्याची हुर्यो उडवली. सांगोल्याच्या माणसाला यात कोण बरोबर होतं, हे मी सांगायला नको.

रस्ता सरळ आहे: बी.एस्सी. भूगर्भशास्त्र, मग जॅम परीक्षा देऊन एम.एस्सी., पुढे यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा किंवा भूजल, खाणी, बोगद्यांची कामं. पगार कॉम्प्युटरवाल्याइतका पहिल्याच वर्षी दिसेल असं नाही. पण ५८ टक्क्यांवर रेटून घेतलेली, मन नसलेली इंजिनीअरिंगची सीट तरी काय देणार आहे? भरलेले दोन लाख वसूल करायला आणखी चार वर्षं घालू नका.

मुलाला मात्र मी तुमच्या पत्रावरून काहीच सल्ला देणार नाही. पुढचं पत्र त्याच्या हातचं हवं, आणि पाठवण्याआधी तुम्ही ते वाचायचं नाही.

तुमची विहीर उन्हाळ्यात आटत असेल ना? मेमध्ये उतरा. दगड पाण्याने कुजत नाहीत. त्यांवर त्याने चिकटवलेल्या चिठ्ठ्या मात्र गेल्या असतील, त्या कुठल्या दगडाच्या होत्या हे त्यालाच विचारावं लागेल.